बांबूचं पातं

मोतोमे हा उपाशी तरुण सामुराई ई घराण्याच्या वाड्यावर येतो आणि अंगणात पोट चिरून मरण्याची परवानगी मागतो. आशा एवढीच, की दया येऊन कुणी चार नाणी हातावर ठेवेल. घराणं त्याला खरोखरच मरायला लावतं. म्यानात निघतो बांबू, कारण बायको-मुलाच्या आजारपणात खरी पाती विकली गेली आहेत. त्याच बोथट बांबूनं त्याला मरावं लागतं. मासाकी कोबायाशींच्या ‘हाराकिरी’तला (१९६२) हा प्रसंग पाहवत नाही, आणि पाहिल्यावाचून जिदाइगेकी, म्हणजे जपानचा ऐतिहासिक चित्रपट, कळतही नाही. काळ १६३० चा आहे. पण महायुद्धात सक्तीनं सैन्यात गेलेले आणि बढती नाकारून साधे शिपाई राहिलेले कोबायाशी प्रश्न विचारतात तो आपल्याच पिढीच्या वरिष्ठांना.

चाळीस वर्षांनी योजी यामादांच्या ‘द ट्वायलाइट सामुराई’त (२००२) बांबू परत येतो. सेइबेई हा कोठारातला कारकून. क्षयानं बायको गेली, आईला भ्रम झालेला, दोन लहान मुली. रात्री जागून तो किड्यांचे पिंजरे विणतो. एका बंडखोराला मारण्याचा हुकूम घेऊन तो त्याच्या घरी जातो, तर दोघं मेलेल्या माणसांविषयी बोलत बसतात. तलवार विकली, म्यानात बांबू आहे, असं सेइबेई सहज सांगून जातो आणि समोरच्याचा अपमान होतो. अंधाऱ्या घरात आखूड पात्यानं झालेली ती झुंज मला या प्रकारातली सर्वांत खरी वाटते. तिथं दोन गरीब माणसं धापा टाकत असतात.

ताकाशी मीकेंचा ‘थर्टीन असॅसिन्स’ (२०१०) कसबी आहे. शेवटची लांबलचक लढाई मात्र डोळ्यांपलीकडे पोचत नाही. ‘शोगुन’ मालिकेनं २०२४ मध्ये १८ एमी मिळवले, पण तिचं चित्रीकरण कॅनडात झालं. खुद्द जपानी दूरचित्रवाणीवर १९६९ पासून चाललेली ‘मितो कोमोन’ची साप्ताहिक मालिका २०११ मध्ये थांबली होती. मोठा पैसा या प्रकारातून काढता पाय घेत होता.

म्हणून जुनिची यासुदांचा ‘अ सामुराई इन टाइम’ मोलाचा. आइझूचा एक सामुराई वीज पडून आजच्या क्योतोत, चित्रपटाच्या स्टुडिओत येतो आणि पडद्यावर मार खाऊन मरणाऱ्या नटांत सामील होतो. इथं बांबूची तलवार म्हणजे रोजच्या कामाचं साधन, आणि शेवटी खरं पातं हाती येतं तेव्हा प्रेक्षागृह श्वास रोखतं. स्वतः भातशेती करणाऱ्या या दिग्दर्शकाचा चित्रपट ऑगस्ट २०२४ मध्ये तोक्योच्या एकाच चित्रगृहात लागला, मग तीनशेहून अधिक ठिकाणी पोचला. मार्च २०२५ मध्ये जपान अकादमीनं त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं.

बांबूचे हे तीन चित्रपट याच क्रमानं पाहा.