नियम शिकवा, पण कारणासकट

मोबाइलच्या कॅमेऱ्यात ग्रीड सुरू केलं की स्क्रीनवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा येतात. विषय मधोमध नको, रेषा जिथे छेदतात तिथे ठेवा, एवढंच त्या सुचवतात. या तृतीयांशाच्या नियमाला जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गदृश्यांवरच्या पुस्तकात नाव दिलं. आज देवरीच्या बसस्टँडवर रील काढणारं पोरगंही तो पाळतं. नाव माहीत नसेल, पण हात तसाच वळतो. म्हणजे कला महाविद्यालयांनी रचनेचे जुने नियम शिकवावेत का, यावर आपण वाद घालत असताना फोनने ते शिकवूनही टाकलेत. फक्त फोन कारण सांगत नाही.

‘नियम नकोत’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झालं ते इंग्रजांच्या राज्यात, आणि चित्र कसं बांधायचं याच्या तिथल्या कल्पनाही युरोपातून आल्या. पुढे शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आल्या. संकल्पचित्राच्या पेपरात दिलेला आकार नक्षीने भरायचा असतो. समतोल का हवा हे समजून घेण्यापेक्षा दोन-तीन नमुने पाठ करून जाणं सोपं पडतं. असं शिकलेल्या मुलाला पुढे नियम म्हटलं की मार्कच आठवणार.

पण याच व्यवस्थेतून गेलेल्या एका चित्रकाराची गोष्ट मला उलट दिशेला नेते. सय्यद हैदर रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात जन्मले. जंगलात वाढलेला हा मुलगा आधी नागपूरच्या कलाशाळेत शिकला, मग जे. जे.मध्ये. १९४८ साली काश्मीरमध्ये त्यांना फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला. रझांची चित्रं पाहून तो म्हणाला की हात चांगला आहे, पण चित्रात बांधणी नाही. सेझानचा अभ्यास कर. दोन कलाशाळा पालथ्या घातलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं! रझा चिडून बसले नाहीत. १९५० मध्ये ते पॅरिसला गेले आणि तिथे पुन्हा विद्यार्थी झाले.

त्याचं फळ बघायचं तर त्यांची ‘बिंदू’ची चित्रं बघा. चौकोनी कॅनव्हास आणि बरोबर मध्यभागी मोठं काळं वर्तुळ. ग्रीडच्या हिशेबाने ही थेट चूक. तरीही चित्र मेल्यासारखं वाटत नाही, कारण भोवतीच्या पट्ट्या, रंगांची चढ-उतार आणि कडेच्या रेषा सगळा भार त्या काळ्या गोलाकडे ढकलतात. ऐंशीच्या दशकात त्यांनी हे जमवलं, त्यामागे तीस वर्षांची बांधणीची मेहनत होती. नियम मोडायचा, तर तो कोणतं काम करत होता हे ठाऊक असावं लागतं. मग ते काम चित्रातल्या दुसऱ्या कशाकडून तरी करून घेता येतं.

यावर कोणी म्हणेल, नियम हा पाश्चात्त्य प्रकार, आपली आदिवासी कला मोकळी. वारली चित्रं नीट पाहिली तर हे टिकत नाही. लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक काढतात. त्यात चौकट हवी, आत पालघट देवी हवी. तिथे ‘मला वाटलं तसं काढलं’ चालत नाही. जिव्या सोमा म्हशे यांनी हीच भाषा कागदावर आणि कापडावर नेली. तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल वळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग घ्या. हे चित्र कुठल्याही बाजूने पाहा, कोलमडत नाही, कारण त्याला वर-खाली असं फारसं नाहीच. इथेही रचना काटेकोर आहे. फक्त ती खिडकीतून पाहणाऱ्या डोळ्यासाठी केलेली नाही.

म्हणून मला वाटतं, नियम शिकवावेत, आणि एकापेक्षा जास्त परंपरांचे शिकवावेत. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ज्याला डिफॉल्ट म्हणतो, तसा प्रत्येक नियम असतो. काही सांगितलं नाही तर हे चालेल, पण कारण असेल तर बदला. अडचण तेव्हा येते, जेव्हा हे बदलता येतं हेच कोणी सांगत नाही.

वर्गात हे अवघड नाही. एक चांगलं चित्र घ्या, त्यातली एकच आकृती हलवा आणि काय बिघडलं ते मुलांना शोधू द्या. मग तोच नियम मोडूनही उभं राहिलेलं दुसरं चित्र शेजारी ठेवा. परीक्षेत नक्षीसोबत चार ओळींचं उत्तरही मागा: हे इथेच का ठेवलं?

‘नियम विसरा, मोकळे व्हा’ हा सल्ला सगळ्यांना सारखा पडत नाही. ज्याच्या घरी चित्रांची पुस्तकं आहेत, जो लहानपणापासून जहांगीरमध्ये प्रदर्शनं पाहतोय, त्याच्या डोळ्यांत नियम न शिकवताच मुरलेले असतात. देवरीहून नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीकडे तो साठा नसतो. तिला नियम न सांगणं म्हणजे तिला मोकळं सोडणं नव्हे. बाकीच्यांना माहीत असलेली गोष्ट तिच्यापासून लपवणं आहे.