‘प्रज्ञा’चा उच्चार कोणाच्या घरचा?

नावांवर काम करायचं ठरवून आलेल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या आराखड्यात एक प्रश्न हमखास सापडतो: ‘या नावाचा शुद्ध उच्चार कोणता?’ माझं म्हणणं, हा प्रश्न सरळ काढून टाका. त्याचं उत्तर आपण आधीच ठरवून बसलेलो असतो. आपल्या घरात बोलतात तो उच्चार शुद्ध, शेजारच्या घरातला बिघडलेला. एवढं सिद्ध करायला पीएचडीची पाच वर्षं कशाला घालवायची?

उदाहरणाला ‘प्रज्ञा’ घेऊ. घाटकोपर-मुलुंडकडे मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी कुटुंबं एकाच जिन्यावर राहतात, त्यामुळे नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. मराठी घरात ती ‘प्रद्न्या’, गुजराती घरात ‘प्रग्ना’, हिंदी घरात ‘प्रग्या’. गुजराती लिपी वेगळी असली तरी जोडाक्षर तेच. लिहिताना एक नाव, हाक मारताना तीन. आणि महत्त्वाची गोष्ट बघा: तिन्ही घरांत कोणालाच शंका नसते. ‘एकापेक्षा जास्त उच्चार असलेलं नाव’ असं आपण लिहितो तेव्हा वाटतं की बोलणारा गोंधळलाय. तो मुळीच गोंधळलेला नसतो. गोंधळ होतो तो नाव जिन्यावरून खाली उतरतं तेव्हा, शाळेत, दवाखान्यात, अर्जावर. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हा रोव्हरचं नाव आपण ‘प्रज्ञान’ असं छापलेलं वाचलं आणि मनात ‘प्रद्न्यान’ म्हटलं. हिंदी वाहिन्या ‘प्रग्यान’ म्हणत होत्या. यात चुकलं कोण? कोणीच नाही.

आता ‘मूळ’ उच्चाराचा मुद्दा, कारण मौखिक परीक्षेत कोणीतरी तो काढणारच. संस्कृतात ज्ञ म्हणजे ज् अधिक ञ, तेव्हा तिन्ही घरं चुकली. ठीक आहे. मग ‘नमुन्यातला एकही माणूस शुद्ध बोलत नाही’ असा निष्कर्ष लिहायचा का? शिवाय ‘राज्ञी’ची ‘राणी’ झाली, ‘आज्ञा’पासून ‘आण’ आली. तिथे ज् पार गळला, त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही. पुढे संस्कृत शब्द पुन्हा जसेच्या तसे उचलले गेले, तेव्हा प्रत्येक भाषेने या जोडाक्षरावर आपल्या जिभेला जमेल अशी तोड काढली. मराठीने द् धरला, गुजराती-हिंदीने ग्. न् मराठी-गुजरातीने राखला, य् मराठी-हिंदीने. (कागदावर कोष्टक मांडून बघा, फार देखणं दिसतं.)

याच्या शेजारी ऋ ठेवा. मराठीत ‘अम्रुता’, हिंदीत ‘अम्रिता’. इथे गुजराती आपल्या बाजूला येते, तीही ‘रु’च म्हणते. म्हणजे ज्ञच्या पहिल्या व्यंजनाला हिंदीची सोबत आणि ऋला मराठीची. ‘मराठी विरुद्ध बाकीचे’ असे दोन गट पाडून सर्वेक्षण केलंत, तर हे कधीच दिसणार नाही. रेघ प्रत्येक ध्वनीसाठी वेगळी ओढावी लागते.

इथपर्यंत नीट आलेले लोक पुढच्या पायरीवर घसरतात. ते रोमन स्पेलिंगं गोळा करतात आणि त्यावरून उच्चार ठरवतात. यू दिसला की ‘रु’, आय दिसला की ‘रि’. गोरेगावच्या उड्डाणपुलाला ज्यांचं नाव दिलंय त्या मृणाल गोरे (१९२८–२०१२) आठवा, उपनगरांच्या ‘पाणीवाली बाई’. मराठी माणूस त्यांना ‘म्रुणालताई’च म्हणायचा, पण रोमनमध्ये त्यांचं नाव सहसा आय घालून लिहिलेलं सापडतं. अभिनेत्री मृणाल ठाकूर मात्र यू घालून लिहिते. देवनागरीत दोघी सारख्याच. आय येतो संस्कृत शब्द रोमनमध्ये लिहिण्याच्या जुन्या पंडिती रिवाजातून, यू येतो कानातून. स्पेलिंगवरून लिहिणाऱ्याचा काळ कळतो, शिक्षण कळतं, कोणता वाचक त्याच्या डोळ्यांपुढे होता तेही कळतं. तोंड कळेलच असं नाही. आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणाकडे धावू नका. आयएसओ १५९१९ हे २००१ चं प्रमाण ज्ञ साठी जे आणि वर नागमोडी खूण असलेला एन वापरतं. ते लिपीशी प्रामाणिक आहे, वरच्या तीनपैकी एकाही घराशी नाही.

संगणकावर सोडून द्यावं म्हणाल, तर तिथे खरी मजा आहे. सारखी ऐकू येणारी नावं एकत्र आणायला साउंडेक्स नावाची पद्धत वापरतात. रॉबर्ट रसेल यांनी तिचं अमेरिकन पेटंट १९१८ मध्ये घेतलं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढच्या तीन व्यंजनांना आकडे द्यायचे, स्वर आणि वाय गाळायचे, आकडे कमी पडले तर शून्य. डीला ३, एनला ५, आरला ६. जी, जे आणि एस तिघांना २. आता हाताने करून बघा. डी-एन-वाय घालून लिहिलेली प्रज्ञा होते पी ६३५. जी-वाय घालून पी ६२०. जी-एन घालून पी ६२५. एकच नाव, तीन वेगळे कप्पे. पण पी ६२५ च्या कप्प्यात आणखी कोण बसलंय? प्रसन्न आणि प्रशांत! पद्धत वाईट नाही, ती इंग्रजी स्पेलिंगच्या सवयींवर बेतलेली आहे. एखाद्या शोधनिबंधात ‘नावं साउंडेक्सने जुळवली’ एवढं एक वाक्य वाचून पुढे जाऊ नका. दहा नावं स्वतः जुळवून बघा, मग त्यातल्या तक्त्यांवर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवा.

जाता जाता, नावांच्या पुस्तकांबद्दल. ती अर्थ देतात, रास देतात. उच्चार कोणाचा, हे कुठेच नसतं. अभ्यासाचं साधन म्हणून त्यांचा उपयोग फक्त नाव प्रचलित आहे का एवढं बघायला.

हा काथ्याकूट नुसता कागदावरचा असता तर सोडून देता आला असता. पण १ ऑक्टोबर २०२३ ला जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली सुधारणा लागू झाली. तेव्हापासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी यांसाठी जन्माचा दाखलाच लागणार आहे. म्हणजे दाखल्यावरचं स्पेलिंग जन्मभर पुढेपुढे चालत राहणार. आई मराठी, वडील गुजराती, घर घाटकोपरला. नाव दोघांनाही मान्य, ‘प्रज्ञा’. डी घालायचा की जी? प्रश्न भाषाशास्त्राचा राहत नाही. कोणत्या आजीचा उच्चार सरकारी कागदावर उतरणार आणि वर्गात हजेरीला मुलगी कोणत्या हाकेला ‘प्रेझेंट’ म्हणणार, असा तो होतो. ‘शुद्ध उच्चार कोणता’च्या जागी हा प्रश्न आराखड्यात टाका, मग संशोधनाला खरंच काहीतरी उरतं.

त्यासाठी प्रत्येक नावाला तीन रकाने ठेवा: घरी लिहितात ते, दाखल्यावरचं रोमन, आणि ध्वनिमुद्रण. मुलाखतीत नाव तुम्ही आधी उच्चारू नका. तुम्ही ‘प्रद्न्या’ म्हणालात की समोरच्या बाई सौजन्य म्हणून तसंच म्हणतील, आणि तुमच्या तक्त्यात तुमचाच आवाज परत येईल. ‘बाळाला हाक कशी मारता?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. आजी घरात असतील तर त्यांनाही वेगळं विचारा. शेवटी अर्ज कोणी भरला तेही नोंदवा, कारण नाव ठेवणारी व्यक्ती आणि रकान्यात स्पेलिंग लिहिणारी व्यक्ती बऱ्याचदा वेगळी असते.