‘आय’वरचं टिंब

रिचर्ड हेन्री डेनाच्या ‘टू इयर्स बिफोर द मास्ट’ची जुनी प्रत समोर आली की जाणकार आधी स्वामित्वहक्काचं पान उघडतात. तिथल्या पहिल्या ओळीत ‘इन’ हा इवलासा शब्द आहे. त्यातल्या ‘आय’वरचं टिंब शाबूत असेल आणि नवव्या पानाच्या माथ्यावरची ओळ कुठे तुटलेली नसेल, तर प्रत अगदी सुरुवातीच्या छपाईतली. पुढे ठसा झिजला आणि टिंब उडालं.

१८४० साली न्यूयॉर्कच्या हार्पर बंधूंनी हे पुस्तक आपल्या स्वस्त ‘फॅमिली लायब्ररी’ मालेत काढलं, क्रमांक १०६. लेखकाचं नाव छापलेलं नाही. सगळ्या हक्कांचे मिळून डेनाला २५० डॉलर मिळाले. आकार चिमुकला, टाइप बारीक, बांधणी साधी कापडी. सोनेरी नक्षीवर भाळणाऱ्याला ही प्रत दरिद्री वाटेल. मला मात्र हेच रूप या पुस्तकाला शोभतं असं वाटतं. गोवरामुळे डोळे अधू झाले म्हणून हार्वर्डचं शिक्षण मध्येच थांबवून १८३४ मध्ये ‘पिलग्रिम’ जहाजावर साधा खलाशी म्हणून चढलेल्या मुलाचं हे लेखन आहे. त्याला झूल कशाला?

सहावं प्रकरण सावकाश वाचावं. जॉर्ज बॉलमर नावाचा तरुण खलाशी वर दोरखंडाचं काम करताना समुद्रात पडतो. पोहता येत नाही, अंगावर जड कपडे. होडी टाकून बराच वेळ शोध घेतात, हाती काही लागत नाही. समुद्रावरच्या मृत्यूबद्दल डेना थोडं चिंतन करतो, ते चांगलंच आहे. पण काळजात घुसतो तो त्यानंतरचा लिलाव. रिवाजाप्रमाणे कप्तान मेलेल्याचे कपडे विकायला काढतो. काही दिवसांपूर्वी त्याच्या अंगावर पाहिलेल्या कपड्यांवर सोबत्यांच्या बोली लागतात आणि त्याची पेटी सामान ठेवायला जहाजाच्या मागच्या भागात जाते. डेना फक्त नोंद करतो. शोकाचा एक शब्दही तिथे जास्त झाला असता.

पहिल्या आवृत्तीचं खरं मोल मला शेवटच्या प्रकरणात दिसतं. याच पुस्तकात आधी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कप्तान सॅम आणि जॉन या दोघांना चाबकाने फोडून काढतो, आणि ते पाहून डेनाला मळमळतं. तरीही समारोपात तो कप्तानाचा अधिकारच काढून घ्या म्हणत नाही. त्या अधिकाराच्या गैरवापराचा जाब न्यायालयाने कठोरपणे विचारावा, असं मांडतो. पुढे नामांकित वकील झालेला माणूस इथे आकार घेताना दिसतो. हक्क परत हाती आल्यावर १८६९ च्या आवृत्तीत त्याने हे प्रकरण काढलं आणि २४ वर्षांनी पुन्हा पाहिलेल्या कॅलिफोर्नियाची हकीकत तिथे घातली. ती हकीकत मोठी हृद्य आहे, पण तिथे मागे वळून पाहणारा प्रौढ बोलतो. चाबकाचा आवाज अजून कानात असलेला तरुण हवा असेल, तर १८४० चीच प्रत शोधावी. टिंब उडालेली असली तरी चालेल.