जान्हवीचं बाळंतपण आणि मालिकांचं घड्याळ

आवडती मालिका घसरणीला लागली हे ओळखायच्या खुणा मराठी घरांत सगळ्यांना तोंडपाठ आहेत. दाराआड उभी राहून चोरून ऐकणारी जाऊ, अपघातात गेलेली स्मृती, आणि कुणी खरं सांगायला तोंड उघडलं की नेमका वाजणारा फोन. दहिसर चेकनाक्यापलीकडच्या पेणकरपाड्यात संध्याकाळी सातनंतर घरोघरी शीर्षकगीतं सुरू होतात, आणि मीरा रोड-घोडबंदरच्या पट्ट्यात मालिकांचे सेटही आहेत. म्हणजे मालिका बनवणारे आणि त्यांना हसणारे एकाच ट्रॅफिकमध्ये अडकलेले. पण या खुणांपैकी बऱ्याचशा फसव्या आहेत. अमेरिकेतल्या ‘हॅपी डेज’ मालिकेत १९७७ साली फॉन्झी पाण्यावर स्कीइंग करत शार्कवरून उडी मारतो. पुढे तिकडे असा अतर्क्य प्रसंग हीच घसरणीची खूण ठरली. आपला प्रेक्षक अतर्क्याला इतका बिचकत नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये शनाया हे पात्र करणारी नटी बदलली, पुढे पहिलीच परत आली, लोकांनी थोडी कुरकुर केली आणि दोघींनाही शनाया म्हणून चालवून घेतलं. मराठी मालिका बिघडते ती तिच्या घड्याळापासून.

‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३ ते २०१६) हे त्याचं ठळक उदाहरण. तिची नायिका जान्हवी हिचं गरोदरपण इतकं लांबलं की त्यावरचे विनोद मालिका न पाहणाऱ्यांपर्यंतही पोचले. गंमत अशी की दैनंदिन मालिका सगळं पुढे ढकलते, सण मात्र कधी चुकवत नाही. वटपौर्णिमा, गणपती, दिवाळी, संक्रांत हे सगळं पंचांगाप्रमाणे, नव्या साड्यांत, खास भागांसह साजरं होतं, कारण त्या दिवसांत जाहिराती असतात. त्यामुळे एकाच घरात दोन काळ नांदू लागतात: देवघरातलं कॅलेंडर पुढे सरकतं आणि त्याच घरातली माणसं आहेत तिथेच राहतात. प्रेक्षकाला मग महिने मोजायला बोटंसुद्धा लागत नाहीत, सण पुरतात. पुढे कधीतरी कंटाळून अशी एखादी मालिका एका रात्रीत पाच-सहा वर्षांची झेप घेते. मुलं शाळेत जाऊ लागतात, आजीचा एक केसही जास्त पांढरा झालेला नसतो.

हे लेखकांच्या आळसामुळे होतं असं मानणं अन्यायाचं आहे. रोज बावीसेक मिनिटं भरायची, टीआरपी दर आठवड्याला येणार, आणि चाललेली मालिका बंद करण्यात वाहिनीला काडीचा रस नाही. अशा वेळी सगळ्यात स्वस्त मिळणारी गोष्ट म्हणजे प्रतिक्रिया. एक वाक्य उच्चारायचं, मग दिवाणखान्यातल्या आठ जणांच्या चेहऱ्यांवर एकेक करून कॅमेरा न्यायचा, खलनायिकेवर तीनदा झेप, तीनदा ढणाण. दीड मिनिट खपलं. उद्या सुरुवातीला तेच पुन्हा. यावर एक आक्षेप रास्त आहे: मालिका बघायची नसते, ऐकायची असते, पोळ्या लाटताना मान वर केली आणि काही चुकलं नाही, हीच तिची सोय. मान्य. पण संथपणा आणि थांबलेपण यांत फरक आहे. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये फारसं काही घडत नसे, तरी भाग संपताना दिवस मावळलेला असायचा.

जुनं ते सोनं म्हणून हे म्हटलेलं नाही. ‘चार दिवस सासूचे’ २००१ साली ईटीव्ही मराठीवर सुरू झाली आणि २०१३च्या जानेवारीत तीन हजारांहून अधिक भागांनंतर संपली. नावातले चार दिवस अकरा वर्षं पुरले. उलट २०१२ची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ वर्षभराच्या आत आटोपली. ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या पर्वाने घड्याळ मुद्दाम मागे फिरवलं, अण्णा नाईकांचा भूतकाळ सांगितला, आणि शेवंता लोकांच्या मनात बसली. तिसऱ्या पर्वात मेलेल्यांनाच पुन्हा कामाला लावलं, तिथे ती जादू ओसरली. टीआरपी चांगला आहे ना, मग घसरण कसली, हे वाहिन्यांचं ठरलेलं उत्तर. पण टीव्ही चालू आहे एवढंच तो आकडा सांगतो, समोरचा माणूस बघतोय की वैतागतोय हे त्याला कळत नाही. ‘आई कुठे काय करते’ ज्या बंगाली ‘श्रीमयी’वरून घेतली, ती २०२१ साली संपली. मराठीतली नायिका अरुंधती २०२४च्या नोव्हेंबरपर्यंत चालत राहिली. मध्यमवयीन बाईचा घटस्फोट आणि दुसरं लग्न दाखवण्याचं धाडस या मालिकेने खरोखर केलं होतं. पुढे मात्र तो दुसरा नवरा अपघातात मारला गेला. अरुंधतीने स्वतःच्या हिमतीवर गाठलेलं वय तिच्याकडून काढून घेण्यात आलं आणि ती पुन्हा रडायला मोकळी झाली, कारण रडण्याचे भाग हातोहात लिहिता येतात.