‘इन्स्टॉल झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

निजामपुऱ्यातल्या घरी रात्री लॅपटॉपवर एक स्क्रिप्ट चालवली. दुसऱ्या दिवशी तीच स्क्रिप्ट, तीच फाइल घेऊन विभागातल्या संगणकावर चालवली, तर निकाल वेगळा. एरर एकही नाही. दोन्हीकडे ‘ऑक’ व्यवस्थित इन्स्टॉल झालेलं. मग चुकलं कुठे?

आजची पोस्ट त्यावर आहे. ऑक कसं बसवायचं हे सांगणारी पानं ढीगभर सापडतात. ती कुठे अपुरी पडतात ते पाहू, कारण संशोधनाला लागणाऱ्यांना याचा फटका थेट डेटात बसतो. (आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये अर्थात रोमनमध्येच टाइप करायची.)

आधी ऑक म्हणजे काय

रांगा-रकान्यांतला मजकूर ओळीओळीने वाचून ‘अमुक अट जुळली तर तमुक कर’ असं सांगता येणारी ही छोटी भाषा. 1977 मध्ये बेल लॅब्समध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन यांनी ती तयार केली आणि आडनावांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं. हजारो ओळींच्या फाइलमधून हव्या त्या ओळी काढायला आजही इतकं सुटसुटीत साधन क्वचितच मिळेल.

विंडोजवर डब्ल्यूएसएल घातलं की साधारणपणे उबुंटू येतं, आणि उबुंटूत ऑक बहुधा आधीच असतं. पण ‘ऑक’ हे एकाच प्रोग्रॅमचं नाव नाही, ही गोष्ट तिथेच निसटते. उबुंटूसोबत येतो तो सहसा ‘मॉक’. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल गॉक’ केलं की ग्नू प्रकल्पाचा ‘गॉक’ येतो आणि ‘ऑक’ हे नाव त्याच्याकडे वळतं. मॅकवर आणखी तिसराच, कर्निहॅन यांचा मूळ वंशातला ऑक असतो. माझ्या लॅपटॉपवर गॉक होता, विभागात मॉक.

27, 9 की 5?

आता एक शब्द घ्या: निजामपुरा. ऑकच्या ‘लेंग्थ’ला त्याची लांबी विचारा. मॉक सांगतो 27. गॉक सांगतो 9. तुम्ही-आम्ही बोटांवर मोजू, नि-जा-म-पु-रा, 5.

यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, आणि मात्रा-वेलांट्या वेगळी चिन्हं धरल्या जातात. मॉक बाइट मोजतो, गॉक युनिकोड चिन्हं. तेही लोकेल यूटीएफ-8 असेल तरच. कुणाच्या सल्ल्यावरून सॉर्टिंगचा वेग वाढवायला सेटिंगमध्ये ‘एलसी-ऑल’ला ‘सी’ करून ठेवलं असेल, तर गॉकसुद्धा 27 म्हणेल. पॉझिक्स मानक लांबी चिन्हांत मोजायला सांगतं, तेव्हा इथे मॉकची बाजू लंगडी आहे. पण तो चपळ आहे आणि नुसत्या इंग्रजी फाइलवर काही बिघडवत नाही. नेमकं हेच घातक आहे.

कारण बसवल्यावर चाचणी कशाची घेतात? व्हर्जन दिसली का आणि ‘हॅलो वर्ल्ड’ छापून आलं का. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एकच बाइट, त्यामुळे ही चाचणी सगळीकडे पास होते. आपला डेटा मराठी, चाचणी मात्र इंग्रजीची.

यात माझं काय गेलं

पायलट मुलाखती आमच्याच भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या होत्या. उत्तरं ज्या भाषेत मिळाली त्या लिपीत टिपली, कुठे देवनागरी, कुठे उर्दू. ‘हो’, ‘माहीत नाही’ असली उत्तरं गाळायला मी अट घातली: उत्तराच्या रकान्याची लांबी 20 किंवा जास्त असेल तरच ओळ ठेव. हा 20 एका इंग्रजी उदाहरणातून उचललेला. प्रश्न होता, रोज किती तास काम?

‘बारा तास’ हे मॉकच्या हिशेबात 22. ओळ राहिली. तेच उत्तर एकाने उर्दूत दिलं, ‘बारह घंटे’. उर्दू अक्षराला 2 बाइट लागतात, म्हणून 19. ओळ गेली. आणि ‘माहीत नाही’? 28. ती दिमाखात राहिली!

म्हणजे ज्या उत्तरासाठी मुलाखत घेतली ते उत्तर, भाषा उर्दू म्हणून डेटातून बाहेर पडलं. भिवंडीच्या मागांवर उत्तर प्रदेश, बिहारपासून तेलंगणापर्यंतचे लोक आहेत. ‘मराठी बोलणारे तासांबद्दल जास्त सांगतात’ असा निष्कर्ष मी लिहूनही बसले असते, आणि तो कामगारांचा नाही, बाइटांचा निष्कर्ष ठरला असता.

गॉकवर दोन्ही उत्तरं गळाली, 8 आणि 10 म्हणून. वाईटच, पण सारखंच वाईट. त्यामुळेच मला संशय आला. गॉकने माझी अट बरोबर केली नाही, ती मुळातच चुकीची होती हे दाखवलं. लांबीवरून उत्तराची किंमत ठरवणं हा दोष माझा, साधनाचा नाही.

पुस्तकं काय करतात

आर्नल्ड रॉबिन्स यांची गॉकची पुस्तिका मला मनापासून आवडते. लोकेलने वागणूक कशी बदलते हे तिच्यात नीट सांगितलंय. पण ते एक्स्प्रेशनच्या प्रकरणात आहे आणि इन्स्टॉलेशन शेवटी परिशिष्टात. बसवणारा परिशिष्ट वाचून उठतो, त्याची लोकेलशी भेटच होत नाही. ऑकच्या तिन्ही कर्त्यांचं 1988 चं पुस्तक 2023 मध्ये नव्याने निघालं, त्यात युनिकोडची दखल आहे, ही मोठी सोय. तरी जुनी आवृत्ती वाचून शिकवणारे अजून बरेच भेटतील. दोष ज्ञानाच्या अभावाचा नाही, मांडणीचा आहे: बसवणं आणि जुळवणं ही दोन कामं वेगळ्या पानांवर ठेवली आहेत.

मग बसवताना काय करायचं

1. ‘ऑक’ नावामागे कोण आहे ते पाहा. स्क्रिप्टमध्ये ‘ऑक’ न लिहिता थेट ‘गॉक’ लिहा. नसेल तर स्क्रिप्ट बंद पडेल, पण गुपचूप चुकणार नाही.

2. चाचणी आपल्या शब्दाने घ्या. ‘निजामपुरा’ला 9 आलं तर पुढे जा.

3. लोकेल स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच यूटीएफ-8 ठरवा. दुसऱ्याच्या संगणकावर भरवसा नको.

4. विंडोजमध्ये बनलेल्या फाइलच्या ओळीअखेर एक न दिसणारं चिन्ह जादा असतं. शेवटच्या रकान्याची तुलना त्याने फसते. आधी ते काढा.

5. दिसायला एक, आत वेगळं असे शब्द तपासा. ‘निजामपुऱ्यात’मधला ऱ एका चिन्हाचाही असू शकतो आणि र अधिक नुक्ता असाही. ऑकला ते दोन वेगळे शब्द. शिवाय मोहल्ला ‘निजामपुरा’ आणि महापालिकेच्या नावात ‘निजामपूर’, हे तर आपणच एकत्र करायला हवं.

6. कोणता ऑक, कोणती आवृत्ती, कोणतं लोकेल हे पद्धतीच्या प्रकरणात एका ओळीत लिहा. गाइडने विचारलं नाही तरी.

माझी 20 ची अट मी काढून टाकली. छोटी उत्तरं आता हाताने वाचते. वेळ लागतो, पण ‘बारा तास’ आणि ‘बारह घंटे’ दोन्ही तक्त्यात आहेत.

तुमच्या मशीनवर निजामपुरा किती येतो, आज एकदा बघाच.