पाणवठ्यांचा इतिहास कोण शिकवणार?

पर्यावरण आणि संस्कृती यांचा इतिहास एकत्र शिकवावा, हे मान्य. पण तो कोणत्या पाणवठ्यापासून सुरू करायचा? माधव गाडगीळ-रामचंद्र गुहा यांच्या ‘धिस फिशर्ड लँड’ (१९९२) या ग्रंथाने जंगलांची लूट मांडली. मात्र जातिव्यवस्थेत त्यांना निसर्गसंपत्तीची वाटणी करून स्पर्धा कमी करणारी रचना दिसली. ज्याच्या वाट्याला मेलेले ढोर आले, त्याला ही वाटणी विचारून झाली होती काय? महाडचे तळे नगरपालिकेने १९२४ साली ठरावाने खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करूनच त्याचे पाणी प्यावे लागले. हा पर्यावरणाचा इतिहास नव्हे काय? सेनगावच्या विद्यार्थ्याने प्रमाणपत्र घेण्याआधी आपल्या गावातल्या विहिरींचा नकाशा काढावा. कोणती विहीर कोणाची, हे लिहिताना त्याला जात लिहावीच लागेल.