कोर्लईची बोली आणि जगाचे व्यासपीठ : भाषा, वाक् व श्रवण संशोधनाच्या प्रतिष्ठेचा एक विचार

प्रास्ताविक

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील काशीद हे गाव आपल्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यामुळे पर्यटनाच्या नकाशावर सुपरिचित आहे. काशीदहून किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेस अलिबागकडे निघाले, की रेवदंड्याच्या खाडीच्या अलीकडे कोर्लई लागते. पर्यटक तेथे थांबलाच, तर किल्ल्यासाठी थांबतो. भाषाविज्ञानाच्या जगात मात्र हा क्रम उलटा आहे. तेथे काशीदचे नाव क्वचितच कोणास ठाऊक असेल. कोर्लईचे नाव संपर्कभाषांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. एका लहानशा गावातील काही शेकडा लोकांची बोली जगभरच्या ग्रंथालयांत पोचली आणि ती जेथे बोलली जाते त्या राज्यातील मराठी विभागांत मात्र तिची चर्चा अभावानेच झाली, ही वस्तुस्थिती विचार करावयास लावणारी आहे.

भाषा, वाक् आणि श्रवण या क्षेत्रांतील संशोधनास आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा मिळावी, अशी अपेक्षा परिषदांतून वारंवार व्यक्त होते. ही प्रतिष्ठा नेमकी कशातून येते, ती कोणाच्या पदरी पडते आणि ज्यांच्या बोलण्यावर ती उभी राहते त्यांच्याकडे काय परत जाते, या तीन प्रश्नांचा परामर्श कोर्लईच्या निमित्ताने घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कोर्लईच्या अभ्यासाचे मोल

पोर्तुगीजांनी १५२० च्या दशकात चौल येथे आपले ठाणे वसविले. कुंडलिकेच्या मुखावरील कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला आणि १७४० मध्ये मराठ्यांच्या दबावापुढे त्यांना चौल परिसर सोडावा लागला. सत्ता गेली, परंतु तिच्या आश्रयाने घडलेली बोली गडाच्या पायथ्याशी राहिलेल्या ख्रिस्ती शेतकरी कुटुंबांच्या तोंडी टिकली. हे लोक आपल्या बोलीस ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपासही जेमतेमच जाते.

या बोलीचा सांगोपांग अभ्यास अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे जे. क्लान्सी क्लेमेंट्स यांनी केला. ‘द जेनेसिस ऑफ अ लँग्वेज’ हा त्यांचा ग्रंथ १९९६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या जॉन बेंजामिन्स या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. २०१३ च्या पिजिन व क्रिओल भाषांच्या जागतिक नकाशासंग्रहातही कोर्लईस स्वतंत्र स्थान मिळाले.

या ग्रंथाचे सामर्थ्य दुहेरी आहे. पहिले असे, की त्यात व्याकरण आणि इतिहास एकमेकांपासून तोडलेले नाहीत. शेजारच्या हिंदू समाजापासून धर्माने व उच्चवर्णीय ख्रिस्ती समाजापासून जातीने वेगळा पडलेला हा समूह आपली बोली का टिकवू शकला, याचे स्पष्टीकरण समाजरचनेत शोधले आहे. दुसरे असे, की भाषा बदलत असताना तिची घडण कशी पालटते, हे येथे बारकाव्याने दाखविले आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद सामान्यतः कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटाकडे सरकलेले आढळते. पोर्तुगीजपासून आलेल्या क्रियापदांचे तीन वर्ग या बोलीत आहेत. त्यांच्या जोडीस मराठीतून आलेल्या क्रियापदांसाठी उकारान्त असा चौथा वर्ग तयार झाला. मराठी ‘लोट’ या धातूपासून झालेले ‘लोटू’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. उसने घेतलेल्या शब्दांसाठी भाषा आपल्या व्याकरणात नवे दालन उघडते, ही गोष्ट जगातील कोणत्याही भाषाभ्यासकास महत्त्वाची वाटावी अशीच आहे.

असे असले, तरी मराठीच्या अभ्यासकाने या ग्रंथासमोर एक प्रश्न ठेवणे आवश्यक आहे. कोर्लईच्या बोलीवर परिणाम झाला तो नेमक्या कोणत्या मराठीचा? पाठ्यपुस्तकांतील प्रमाण मराठीचा, की खाडीच्या दोन्ही काठांवरील आगरी, कोळी व कुणबी बोलींचा? या बोलींचे वर्णन जितके अपुरे, तितकी कोर्लईविषयीची तुलनाही अपुरी राहणार. हा क्लेमेंट्स यांच्या ग्रंथाचा दोष मानण्यापेक्षा मराठी विभागांकडील थकबाकी मानणे अधिक न्याय्य ठरेल. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची मालिका सुरू केली, तीत कुडाळीचा व महाडच्या कुणबी बोलीचा अभ्यास झाला. त्या धाग्याची पुढील वीण महाविद्यालयांनी तेवढ्याच चिकाटीने विणली, असे म्हणता येत नाही.

कुपवाड : उदाहरण आणि प्रत्युत्तर

कोर्लईसारखेच दुसरे गाव सांगलीजवळचे कुपवाड होय. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा कुपवाडवरील निबंध डेल हाइम्स यांनी संपादित केलेल्या व १९७१ मध्ये केंब्रिजने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात समाविष्ट आहे. कानडी, उर्दू आणि मराठी या भाषांचे शब्द वेगळे राहिले, परंतु वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून नेता यावे, असे प्रतिपादन त्यांनी केले. हा निबंध भाषासंपर्काच्या पाठ्यपुस्तकांत हमखास उद्धृत होतो. त्याच ग्रंथात मराठीच्या उगमामागे संकर-प्रक्रिया असावी काय, याची चर्चा करणारा फ्रँकलिन साउथवर्थ यांचा निबंधही आहे. म्हणजे एकाच आंतरराष्ट्रीय ग्रंथात महाराष्ट्राची दोन प्रकरणे आली, परंतु ती लिहिणारे महाराष्ट्राबाहेरचे होते.

या इतिहासाची दुसरी बाजू अधिक आश्वासक आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला आणि शब्दशः भाषांतरक्षमतेच्या त्या प्रसिद्ध प्रतिमानाची चिकित्सा करणारा निबंध २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. मधल्या काळात, १९९८ मध्ये, कुपवाड सांगली-मिरजेसह महानगरपालिकेत सामील झाले होते; गाव बदलले होते आणि भाषांचे परस्परसंबंधही. येथील संशोधकाने येथील सामग्रीवर उभ्या राहिलेल्या जगन्मान्य सिद्धान्ताची फेरतपासणी करणे, हीच खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय सहभागाची खूण होय. सामग्री पुरविणे ही सहभागाची पहिली पायरी असते. सिद्धान्ताशी वाद घालणे ही पुढची.

वाक् आणि श्रवण : बोली की दोष?

भाषावर्णनाची उणीव केवळ भाषाविज्ञानापुरती राहत नाही. तिची झळ वाक् व श्रवण चिकित्सेस प्रत्यक्ष पोचते. या क्षेत्रात मुंबईची परंपरा जुनी आहे. नायर रुग्णालयात १९६६ मध्ये वाक्-श्रवण विषयाचे शिक्षण सुरू झाले आणि १९८३ मध्ये वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेची स्थापना झाली.

काशीद परिसरातील आगरी अथवा कोळी घरातील एखादे मूल ‘डोळा’ऐवजी ‘डोला’ आणि ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणते, असे समजावे. प्रमाण मराठीवर बेतलेल्या उच्चारचाचणीत या मुलाच्या नावापुढे ‘ळ’ व ‘ण’ या ध्वनींचे दोष नोंदले जातील. वस्तुतः त्याच्या घरी, आळीत आणि बाजारात हेच उच्चार शुद्ध आहेत. याउलट, मुलास खरोखरच कमी ऐकू येत असेल आणि परीक्षकाने सर्वच फरक ‘गावाकडची बोली’ म्हणून सोडून दिले, तर निदान लांबते व भाषा शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात. बोलीभेद हा वाक्‌दोष नव्हे, हे तत्त्व अमेरिकेतील वाक्-भाषा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने १९८३ मध्येच अधिकृतपणे मांडले होते. मात्र तत्त्व मान्य करून काम भागत नाही. त्या बोलीत कोणता उच्चार स्वाभाविक आहे, याची विश्वसनीय नोंद हाताशी नसेल, तर परीक्षक ते तत्त्व लागू तरी कशाच्या आधारे करणार?

प्रमाण मराठीतही असे नाजूक प्रश्न आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, हे दोन शब्द लिपीत एकच दिसतात, परंतु पहिल्यातील ‘ज’ तालव्य व दुसऱ्यातील दंतमूलीय आहे. ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’ यांसारखे महाप्राणयुक्त अनुनासिक व द्रव ध्वनीही मराठीत आहेत. जगातील अनेक भाषांत न आढळणारे हे भेद मूल कोणत्या वयात आत्मसात करते आणि श्रवणदोष असलेल्या मुलास त्यांतील कोणते अवघड जातात, हे प्रश्न मराठीच्या अभ्यासातूनच सुटू शकतात. इंग्रजीवर बेतलेल्या चाचण्यांचे भाषांतर करून ते सुटणार नाहीत. जगास मराठीकडून घेण्यासारखे काही असेल, तर ते येथे आहे.

प्रतिष्ठेचे मोजमाप

या पार्श्वभूमीवर संशोधनाच्या मूल्यमापनाची प्रचलित रीत तपासावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या संशोधनास गुणांकन लागू केले आणि परिषदेतील निबंधास ‘आंतरराष्ट्रीय’ स्तरावर अधिक गुण ठेवले. परिणामी हा शब्द निमंत्रणपत्रिकांवर आणि नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर मुक्तहस्ते झळकू लागला. पुढे दर्जा राखण्यासाठी ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये ती यादी बंद करून दर्जा ठरविण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपविण्यात आली. यादी असो वा नसो, शीर्षकातील विशेषणाने प्रतिष्ठा मिळत नाही, हे कोर्लईच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. कोर्लईस जगन्मान्यता मिळाली ती दीर्घ क्षेत्रकार्यामुळे, काटेकोर नोंदींमुळे आणि लहान गावातील मोठा प्रश्न ओळखल्यामुळे.

महाविद्यालयांच्या बहुविद्याशाखीय नियतकालिकांनीही या निकषावर स्वतःस तपासून पाहणे अगत्याचे आहे. एकाच अंकात वाणिज्य, रसायन आणि मराठी यांचे लेख शेजारी छापले, म्हणजे बहुविद्याशाखीयता साधली असे होत नाही. मराठीचा प्राध्यापक, ध्वनी मोजणारा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आणि वाक्-श्रवण तज्ज्ञ यांनी एकाच गावाच्या बोलण्यावर एकत्र काम केले, तर त्या शब्दास अर्थ प्राप्त होईल. डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षण प्रकल्पाने ध्वनिमुद्रणे खुली करून त्यासाठीचा एक पाया घालून दिला आहे.

समारोप

परतीच्या वाटेचा प्रश्न उरतो. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ वा. गो. परांजपे यांनी १९४१ मध्ये मराठीत आणला, तेव्हा पॅरिसमध्ये झालेला विचार मराठी वाचकाच्या मालकीचा झाला. असे भाग्य सर्वच संशोधनास लाभत नाही. कोर्लईतील मुले आज मराठी शाळेत शिकतात, तरुण नोकरीसाठी बाहेर पडतात आणि मराठीचा दाब वाढत जातो. त्यांच्या बोलीविषयी जगाने मिळविलेले ज्ञान त्यांनाच मराठीतून वाचावयास मिळणे, हे त्या संशोधनाचे देणे आहे. तसेच काशीदच्या मुलाच्या ‘डोला’ या उच्चारास दोष न म्हणता बोली म्हणून ओळखणारी चाचणी तयार होणे, हेही एक देणे आहे. ही दोन देणी फिटली, तर आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा वेगळी मिळवावी लागणार नाही. आणि ती फिटली नाहीत, तर मिळालेल्या प्रतिष्ठेचा कोर्लईस अथवा काशीदला काहीच उपयोग नाही.